भयपटाला प्रेक्षक मार्क कसे देतात

लाल दिव्याच्या उजेडात एक मुलगी जमिनीवर बसून रडते आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यासमोर आहे आणि तिच्या पाठीमागे नुसता काळोख. आपण चेहऱ्याकडे बघत असतो, पण डोळे राहून राहून मागच्या काळोखाकडे जातात. तिथे काहीतरी हलतं. ती मागे बघत नाही. आणि मग गळ्यात फास पडावा तशी ती एका झटक्यात मागे खेचली जाते.

‘द गॅलोज’ या अमेरिकी भयपटातलं हे दृश्य. गॅलोज म्हणजे फाशी देण्याचा लाकडी सांगाडा. चित्रपट १० जुलै २०१५ ला अमेरिकेत लागला. त्याच्या जाहिरातीचा सगळा भार या एका दृश्यावर होता. चित्रपट करायला सुमारे एक लाख डॉलर लागले, म्हणजे त्या वेळच्या दराने साठ-पासष्ट लाख रुपये. जगभरातून त्याने सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलरचा गल्ला केला. आणि पहिल्याच रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी त्याला ‘सी’ दिला. शाळेच्या प्रगतिपुस्तकात आईवडिलांना दाखवताना मूल अडखळेल, असा तो शेरा.

इतके लोक बघायला गेले आणि बाहेर येताना नाराज झाले, हे एकाच चित्रपटाबाबत कसं घडतं? किशोरवयीन मुलांच्या भुताटकीचे हे स्वस्तातले चित्रपट मी बरीच वर्षं आवडीने बघते आहे, आणि त्यांच्यावरची प्रेक्षकांची मतं त्याहून जास्त आवडीने वाचते. या मतांना एक रीत असते. ती एकदा कळली की मत वाचून चित्रपट ओळखता येतो.

आधी चित्रपट स्वस्तात कसा होतो ते बघू, कारण प्रेक्षकांच्या अर्ध्या तक्रारी तिथेच जन्माला येतात. ‘द गॅलोज’चे दिग्दर्शक ट्रॅव्हिस क्लफ आणि ख्रिस लॉफिंग. चित्रीकरण बरंचसं कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोमध्ये झालं, गोष्ट मात्र नेब्रास्का राज्यातल्या एका शाळेची. १९९३ मध्ये शाळेच्या नाटकाच्या प्रयोगात अपघात होतो आणि चार्ली नावाचा मुलगा रंगमंचावरच्या फाशीत खरोखर मरतो. वीस वर्षांनी तेच नाटक पुन्हा बसवायला घेतात. प्रयोगाच्या आदल्या रात्री तीन मुलं नेपथ्य मोडून टाकायला शाळेत शिरतात आणि दारं बंद होतात. नाटकाची नायिकाही तिथे येऊन पोहोचते.

यात पैसा कुठे वाचला बघा. जागा एकच, रिकामी शाळा. वेळ रात्रीची, म्हणजे भिंती रंगवायला नकोत आणि गर्दी जमवायला नको. नट नवखे. पात्रांची नावंही नटांचीच ठेवली आहेत: रीस, फायफर, रायन, कॅसिडी. सगळ्यात मोठी बचत कॅमेऱ्यात होते. जे दिसतं ते या मुलांनीच हातातल्या कॅमेऱ्याने आणि मोबाइलने टिपलेलं, नंतर सापडलेलं चित्रण आहे, अशी मांडणी. इंग्रजीत याला फाउंड फुटेज म्हणतात. चित्र हललं, अंधारलं, अर्धं कापलं गेलं तरी चालतं, उलट ते खरं वाटतं. ओरेन पेली यांनी ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ सॅन डिएगोमधल्या आपल्या राहत्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरमध्ये याच रीतीने केला होता. २००९ मध्ये तो सगळीकडे लागला आणि पुढची काही वर्षं अशा चित्रपटांची रांग लागली.

एक लाख डॉलर या आकड्यात जाहिरात धरलेली नाही. ब्लमहाउस आणि न्यू लाइन या मोठ्या नावांनी चित्रपट हाती घेतला आणि वॉर्नर ब्रदर्सने तो लावला, तेव्हा पोस्टर, ट्रेलर, टीव्हीवरच्या जाहिराती यांवर चित्रपटाच्या खर्चाच्या कितीतरी पट पैसे गेले असणार. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाले ठेवून घेतात, हेही लक्षात ठेवावं. तरी धंदा फायद्याचाच. म्हणून असे चित्रपट थांबत नाहीत. क्लफ आणि लॉफिंग याच जोडीने २०१९ मध्ये दुसरा भागही काढला.

आता प्रेक्षकाकडे येऊ. त्याचं मत तिकीट काढण्याच्या आधीच आकार घ्यायला लागतं. भयपटाचा ट्रेलर गोष्ट सांगत नाही, तो पैज लावतो: बघून दाखव. सोळा ते वीस वयाची मुलं ही पैज घोळक्याने घेतात. एकट्याने जाण्याचा हा चित्रपट नव्हेच. यात एक विसंगती आहे. ‘द गॅलोज’ला अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. ज्या वयाची मुलं पडद्यावर आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना एकट्याने तिकीट मिळत नव्हतं. निर्माते म्हणूनच पुष्कळदा ‘पीजी-१३’ या सौम्य प्रमाणपत्रासाठी धडपडतात. २०१४ च्या ‘वीजा’ला ते मिळालं होतं, २०१८ च्या ‘ट्रूथ ऑर डेअर’लाही. पण मग रक्त आणि क्रौर्य कमी करावं लागतं आणि जुने मुरलेले प्रेक्षक चित्रपट मिळमिळीत आहे म्हणून नाराज होतात. दोन्हीकडून बोल खावे लागतात.

हे मत आत बसल्यावर कसं घडतं, ते मी घरीच पाहिलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी सुट्टीत आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दिवे मालवून, गाद्या घालून त्यांनी ‘द गॅलोज’ लावला. मी मागच्या खुर्चीत. चित्रपट जेमतेम ऐंशी मिनिटांचा.

सुरुवातीचं १९९३ चं चित्रण, प्रेक्षकांत बसलेल्या कुणा पालकाने घरगुती कॅमेऱ्याने टिपल्यासारखं, चौघींनी एक शब्द न बोलता पाहिलं. रंगमंचावरचा तो अपघात लांबून, धूसर दिसतो, आणि म्हणूनच अंगावर येतो. नंतर गाडी संथ झाली. रायन हे पात्र कॅमेरा घेऊन सगळ्यांची टिंगल करत फिरतं. वीस मिनिटांच्या आत एकीने निकाल दिला, “याला आधी मारा!” सगळ्या खळखळून हसल्या, आणि त्या हसण्यात भीती वाहून गेली. भयपटाच्या दृष्टीने हा मोठा तोटा. ज्याच्या जिवाची काळजी वाटत नाही, त्याच्यासाठी घाबरायचं कसं? या चित्रपटाबद्दलच्या मतांमध्ये रायनविषयीची चीड पुन्हा पुन्हा भेटते. माझ्या मते ती रास्त आहे.

दारं बंद झाल्यावर मात्र हसू कमी झालं. भाची म्हणाली, “मावशी, बघ हं, आता बॅटरी संपणार.” तिला क्रम पाठ होता, तरी उशी छातीशी घट्ट होती. पुढे काय होणार हे माहीत असणं आणि ते केव्हा होणार हे माहीत नसणं, या दोहोंमधल्या जागेत भयपट जगतो. दचकवणारा क्षण यायच्या आधी आवाज जवळजवळ बंद करतात, चित्रातली एक बाजू रिकामी ठेवतात आणि तुम्हाला वाट बघायला लावतात. शरीर आवळून बसतं. मग आवाज फुटतो, किंचाळी निघते आणि लगेच हसू. ते हसू म्हणजे शरीराने सोडलेला श्वास आहे. लोक हसले म्हणजे चित्रपट फसला, असं दर वेळी नसतं. रायनवरचं हसू वेगळं आणि हे वेगळं, मत वाचताना हा फरक ओळखावा लागतो.

लाल दिव्याचं दृश्य आलं तेव्हा चौघींपैकी दोघींनी डोळे झाकले. त्यांनी ते ट्रेलरमध्ये आधीच पाहिलं होतं, तरीही.

मग ती हमखास येणारी तक्रार: जीव जायची वेळ आली तरी ही मुलं चित्रण का करत बसतात? फाउंड फुटेजच्या प्रत्येक चित्रपटाला हा प्रश्न विचारला जातो. या चित्रपटाने एक साधं, पटणारं उत्तर ठेवलं आहे. वीज गेलेली आहे, कॅमेऱ्याचा दिवा हीच त्यांची विजेरी. कॅमेरा खाली ठेवला की अंधार. हे ध्यानात आलं की निम्मा आक्षेप गळून पडतो. उरलेला निम्मा उरतोच.

चित्रपट संपला, दिवे लागले. पहिला शब्द आला, “एवढंच?” दुसरी म्हणाली, “पण तो चार्ली यांनाच का मारतो?” या प्रश्नापाशी मी थोडी थांबते, कारण ‘सी’ शेऱ्याचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

चार्ली का मारतो? चित्रपट एक कारण देत नाही, तीन देतो. शाळेत त्याचं नाव उच्चारायचं नाही असा संकेत आहे आणि ही मुलं तो मोडतात. ती नेपथ्याची नासधूस करतात. आणि पुढे कळतं की त्या रात्री फाशीच्या त्या भूमिकेत मुळात रीसचे वडील असणार होते. ते नव्हते म्हणून चार्ली उभा राहिला. त्यावर शेवटी एका पात्राचं चार्लीशी नातं उघड होतं, म्हणजे हिशेब पुन्हा बदलतो. यातलं कुठलंही एक कारण धरून दिग्दर्शक चालले असते तर गोष्ट उभी राहिली असती. भुताला तीन कारणं दिली की प्रेक्षकाला एकही धड पटत नाही. माणूस भुतावर दीड तास विश्वास ठेवायला तयार असतो, पण भुताने आपला नियम पाळावा एवढी त्याची अट असते.

‘टॉक टू मी’ शेजारी ठेवला की हे स्वच्छ दिसतं. डॅनी आणि मायकल फिलिपू हे ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडचे जुळे भाऊ, यूट्यूबवर व्हिडिओ करून नावारूपाला आलेले. त्यांचा हा पहिला चित्रपट, खर्च सुमारे ४५ लाख डॉलर, २०२३ मध्ये सगळीकडे लागला. इथेही किशोरवयीन मुलं, इथेही भुताशी खेळ. पण खेळाचा नियम सुरुवातीलाच सांगून ठेवला आहे: मेणबत्ती लावायची, तो विचित्र जतन केलेला हात धरायचा, ठरलेली दोन वाक्यं म्हणायची आणि नव्वद सेकंदांच्या आत हात सोडायचा. पुढे एका लहान मुलाच्या वेळी मर्यादा मोडते आणि सगळा अनर्थ त्यातून घडत जातो. शेवटही त्याच नियमातून निघतो, बाहेरून आणून चिकटवलेला नाही. म्हणून तो अंगावर काटा आणतो आणि पटतोही. या चित्रपटाला प्रेक्षकांनी ‘बी प्लस’ दिला, भयपटाच्या मानाने घसघशीत.

हे शेरे देतं कोण? सिनेमास्कोर नावाची लास वेगासची कंपनी. एड मिंट्झ यांनी ती १९७० च्या दशकाच्या शेवटी काढली. १९७८ चा ‘द चीप डिटेक्टिव्ह’ हा विनोदी चित्रपट ते हौसेने बघायला गेले आणि पार हिरमुसले. समीक्षक काय म्हणतात ते कळतं, माझ्यासारखे पैसे देऊन येणारे काय म्हणतात ते कोण सांगणार, या प्रश्नातून त्यांचा धंदा सुरू झाला.

पद्धत साधी आहे. चित्रपट लागतो त्या पहिल्या संध्याकाळी अमेरिकेतल्या ठरावीक शहरांतल्या थिएटरांत प्रेक्षकांच्या हातात एक छोटं कार्ड देतात. त्यात वय, स्त्री की पुरुष, का आलात अशा मोजक्या गोष्टी विचारलेल्या असतात, आणि चित्रपटाला ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत शेरा द्यायचा असतो. बाहेर पडताना कार्ड परत करायचं. रात्रीत हिशेब होतो, सकाळी शेरा कळतो.

यातल्या दोन गोष्टी नीट समजून घ्या. पहिली, पहिल्याच संध्याकाळी येणारा माणूस आधीच उत्सुक असतो, चित्रपट आवडून घ्यायला आलेला असतो. त्यामुळे एरवी शेरे वरच्या बाजूला झुकतात आणि ‘सी’ म्हणजे सरळ नापसंती ठरते. दुसरी, कार्ड भरलं जातं ते शेवटचं दृश्य संपल्यावर लगेच. तासभर दचकून घाम फुटलेला असला तरी मनात ताजा असतो तो शेवट. भयपटाचा शेवट बहुधा वाईटच होतो, नायिका वाचली तरी शेवटच्या क्षणी एक हात बाहेर येतो. आनंदाने घरी जायला मिळत नाही आणि त्याची वसुली कार्डावर होते. त्यामुळे भयपटाला ‘बी’ मिळाला तरी निर्माते खूश असतात.

याचं टोकाचं उदाहरण २०१२ चा ‘द डेव्हिल इनसाइड’. किशोरांचा नव्हे, पण स्वस्तातला आणि याच फाउंड फुटेजच्या रीतीचा. ऐन कळसाला तो तुटतो आणि पुढच्या माहितीसाठी पडद्यावर एका वेबसाइटचा पत्ता येतो. प्रेक्षकांना फसवणूक वाटली, शेरा मिळाला ‘एफ’. पहिल्या तीन दिवसांत सुमारे ३ कोटी ३७ लाख डॉलर कमावलेल्या या चित्रपटाचा गल्ला दुसऱ्या आठवड्याला तीन-चतुर्थांशांहून जास्त घसरला. उलट अॅरी अॅस्टर यांच्या २०१८ च्या ‘हेरेडिटरी’ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि प्रेक्षकांनी ‘डी प्लस’ दिला. तो मला फार मोलाचा चित्रपट वाटतो, तरी त्या रात्रीच्या प्रेक्षकांना मी चूक म्हणणार नाही. ट्रेलर पाहून ते भुताचा चित्रपट बघायला आले होते आणि त्यांना एका घरातलं असह्य दुःख बघायला लागलं.

समीक्षकांच्या टक्क्यांबद्दल एकच सांगते, कारण तिथे वाचकांची नेहमी गल्लत होते. रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवरचे ९५ टक्के म्हणजे शंभरपैकी पंच्याण्णव गुण नव्हेत. शंभरातल्या पंच्याण्णव समीक्षकांना चित्रपट बरा किंवा त्याहून चांगला वाटला, एवढाच त्याचा अर्थ. डेव्हिड रॉबर्ट मिचेल यांचा ‘इट फॉलोज’ या पंच्याण्णवच्या आसपास आहे. डेट्रॉइटमधली मुलं, त्यांच्यातल्या एकीच्या मागे सावकाश चालत येणारं काहीतरी, जे कधी पळत नाही आणि कधी थांबत नाही. खर्च वीस लाख डॉलरच्या आतबाहेर. प्रेक्षकांमध्ये मात्र तो आवडणारे साधारण दोन-तृतीयांश. न आवडणाऱ्यांची तक्रार पुन्हा तीच: त्या चालणाऱ्या गोष्टीचे नियम मध्येच बदलतात आणि शेवट अर्धवट सुटतो. खुद्द दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनो यांनीही चित्रपटाचं कौतुक करताना नियम मोडल्याबद्दल तक्रार केली होती. मला तो शेवट आवडतो. दोघं हात धरून चालताहेत, मागे रस्त्यावर कुणीतरी येतंय, तो साधा माणूस आहे की ते, हे कळत नाही. पण हे माझं मत आहे, आणि तरणतलावाच्या प्रसंगात नियम ढिला पडतो हे मलाही मान्य करावं लागतं.

मतांचा पुढचा परिणाम गल्ल्यात दिसतो, आणि तो मोजायची घरगुती युक्ती आहे. एकूण कमाईला पहिल्या तीन दिवसांच्या कमाईने भागा. पहिले तीन दिवस ट्रेलर कमावतो, त्यानंतरचे दिवस प्रेक्षकांची जीभ. ‘द गॅलोज’ने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ९८ लाख डॉलर आणि एकूण सुमारे २ कोटी २७ लाख कमावले, म्हणजे सव्वादोनपटीहून थोडे जास्त. ‘टॉक टू मी’ची सुरुवात जवळपास तेवढीच, सुमारे १ कोटी ४ लाखांची, पण एकूण कमाई ४ कोटी ८० लाखांवर गेली, म्हणजे साडेचारपटीहून जास्त. दोघांच्या दाराशी पहिल्या दिवशी साधारण सारखीच गर्दी होती. पुढचा फरक बाहेर पडलेल्यांनी मित्रांना काय सांगितलं त्याने पडला. ‘इट फॉलोज’ २०१५ च्या मार्चमध्ये चारच थिएटरांत लागला होता. तिथली गर्दी पाहून वितरकांनी घरबसल्या बघायला देण्याचा बेत पुढे ढकलला आणि दोन आठवड्यांनी तो बाराशेहून अधिक थिएटरांत नेला. आपल्याकडे ज्याला माऊथ पब्लिसिटी म्हणतात, ती ही.

आता मत वाचायचं कसं? मी तारे बघतच नाही. तीन तारे देणाऱ्याने ‘पहिला अर्धा तास कंटाळवाणा’ लिहिलं असेल तर मला तो चित्रपट चालेल, कारण संथ सुरुवात मला आवडते. ‘पात्रं मूर्ख आहेत’ हे वाक्य मी सोडून देते, भयपटात तळघरात कुणीतरी उतरावंच लागतं. ‘पात्रांशी नातं जुळलं नाही’ हे मात्र गंभीरपणे घेते. ‘शेवट कळला नाही’ आणि ‘शेवट पटला नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीत चूक बघणाऱ्याचीही असू शकते, दुसरीत ती बहुतेक वेळा पटकथा लिहिणाऱ्याची असते. आणि मत देणाऱ्याने चित्रपट मोबाइलवर, दुपारी, जेवताना पाहिला असेल, तर भीती वाटली की नाही याबाबत त्याचं म्हणणं मी धरत नाही.

‘द गॅलोज’ला माझ्याकडून किती? गोष्टीला ‘सी’ योग्यच आहे. पण रिकाम्या शाळेचा रंगमंच, पडद्यामागचे दोर, शिड्या, कपड्यांची कपाटं यांचा वापर दोघा दिग्दर्शकांनी फार समजून केला आहे, आणि लाल दिव्याखालचं ते दृश्य एक लाख डॉलरमध्ये केलेलं आहे हे बघताना एकदाही जाणवत नाही. त्या दृश्याला माझा ‘ए’.

तुम्ही असा एखादा चित्रपट बघितलात आणि चार ओळी लिहाव्याशा वाटल्या, तर तारे देऊन थांबू नका. कुठे बघितलात, कुणाबरोबर, दिवे चालू होते की बंद, नेमक्या कुठल्या जागी घाबरलात आणि कुठे कंटाळलात, तेवढं लिहा. शेवट पटला नाही तर का पटला नाही तेही लिहा, फक्त तो शेवट काय आहे ते सांगू नका.